किराणा दुकानाची वही

‘किराणा’ हा शब्द ऐकला की तो फारसी असावा असे आमच्या विद्यार्थ्यांना वाटते. उर्दू माध्यमाच्या शाळेत नफा-तोट्याची उदाहरणे सोडवून घेताना हा प्रश्न हमखास निघतो. कोशकार मात्र त्याचे मूळ संस्कृत ‘क्रयाणक’ म्हणजे विकावयाची वस्तू या शब्दात दाखवतात. गिऱ्हाईक हा ‘ग्राहक’ आणि उधार हा ‘उद्धार’. याउलट दुकान, वजन, हिशेब, जमा, बाकी, वसूल, रक्कम, जिन्नस, दलाल, हमाल हे सारे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले. तराजू फारसी, जुन्या वजनातला रत्तल अरबी. उर्दूत गल्ला म्हणजे धान्य आणि दुकानात गल्ला म्हणजे पैशाची पेटी. गावातला वाणी दिवसभर जे बोलतो ते असे दोन्हीकडून आलेले असते आणि त्याला त्याची जाणीवही नसते. गिऱ्हाईक एकीकडचे, दुकान दुसरीकडचे. व्यवहार मात्र दोघांचा.

या दुकानाचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. राजांचा लिहिला जातो, लढायांचा लिहिला जातो, फार तर मोठ्या कारखानदारांचा लिहिला जातो. पण तीन-तीन, चार-चार पिढ्या एकाच घराण्यात चाललेले किराणा दुकान वाढते कसे आणि बुडते कसे, हा विचार करण्यासारखा विषय आहे. भांडवल, मोक्याची जागा, कष्ट आणि नशीब ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. आम्हाला त्यापेक्षा वेगळ्या एका वस्तूकडे लक्ष वेधायचे आहे. ती म्हणजे दुकानाची वही. बापाकडून मुलाला दुकान मिळते तेव्हा फळ्या, डबे आणि तागडी मिळते, तशी वहीही मिळते. त्या वहीत गावाचे देणेघेणे असते. ती कोण लिहितो आणि ती कोणाला वाचता येते, यावर दुकानाचे पुढचे भवितव्य ठरत आले आहे.

हा विषय आम्ही जुन्नर तालुक्यातील डिंगोरे या गावाच्या परिसरातून पाहू इच्छितो. ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना कल्याण-नगर रस्त्यावर हे गाव लागते. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, पलीकडे कोकण. घाटाखालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची आणि घाटावरून धान्य, कडधान्य, गूळ खाली जायचा. मोटारी येण्यापूर्वी ही ने-आण बैलांच्या पाठीवरून होई. पावसाळ्यात घाट अवघड होत आणि चार महिने व्यापार मंदावे. कुरैश टोळीच्या हिवाळी आणि उन्हाळी सफरींचा उल्लेख असलेली छोटी सूरह आमची मुले पाठ करतात. ऋतू पाहून काफिला काढायचा ही रीत जुन्नरच्या व्यापाऱ्यालाही परकी नव्हती.

या भागातील व्यापाराचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागणिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे लोक सांगतात. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. त्यांतल्या एका लेखात धान्यिक श्रेणीने, म्हणजे धान्याच्या व्यापाऱ्यांच्या संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीचे हे धान्यवाले आजच्या किराणा दुकानदारांचे पूर्वज म्हणावयास हरकत नाही. रक्ताचे नव्हेत, धंद्याचे पूर्वज. विशेष असे की दान देताना त्यांनी एका धनिकाचे नाव लिहिले नाही, संघाचे नाव लिहिले.

या श्रेणी पैशांच्या ठेवीही स्वीकारत. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. ती रक्कम परत काढायची नाही, व्याजातून भिक्षूंची सोय करायची, हेही नमूद केले. हा करार भिंतीवर कोरला गेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. आमच्या दृष्टीने ही महाराष्ट्रातील एक जुनी वही आहे, आणि ती उघडी आहे.

पुढे मध्ययुगात जुन्नर हे मोठे ठाणे झाले. बहमनी राज्यात ‘मलिक-उत्-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा असा किताब होता. इराणातील गीलानहून व्यापारी म्हणून आलेला महमूद गावान याच किताबाने ओळखला जाई आणि तो राज्याचा वजीर झाला. त्याच काळात, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदराकडून जुन्नरला आला आणि पावसाळाभर येथे अडकून पडला. विकण्यासाठी आणलेला त्याचा घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि धर्म बदलशील तरच परत मिळेल असे सांगितले. एका खुरासानी मुसलमानाने रदबदली केली तेव्हा घोडा परत मिळाला. ही हकीकत निकितीनने स्वतः लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळते. सत्तेने धर्म पुढे केला आणि त्याच धर्माच्या एका माणसाने परक्या व्यापाऱ्याला न्याय मिळवून दिला, या दोन्ही गोष्टी त्या एकाच प्रसंगात आहेत. त्यांपैकी एकच सांगणे हा अर्धा इतिहास होईल.

जुन्नरची आणखी एक ओळख म्हणजे कागद. जुन्नरी कागद पेशवाईच्या दफ्तरांत वापरला जाई. तो तयार करणारे कारागीर मुसलमान होते. धंद्यावरून त्यांना कागदी म्हणत. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा याच धंद्याची आठवण सांगतो. जुने गोणपाट, दोर, ताग भिजवून, कुटून त्यांचा लगदा करायचा, चौकटीवर पाणी निथळून ताव काढायचा, वाळवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा, अशी ती पद्धत. ज्या गोणपाटात धान्य भरले जाई ते जीर्ण झाले की त्याचाच कागद होई, आणि त्या कागदावर धान्याचा हिशेब लिहिला जाई. कागद मुसलमानाचा, अक्षर मोडीचे, लिहिणारा वाणी किंवा कुलकर्णी आणि नाव कुणब्याचे. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हा हातधंदा बसला. पण जोवर तो होता तोवर या भागातील कितीतरी रोजकीर्दी आणि खतावण्या आमच्या कागदी बांधवांच्या हातून गेलेल्या कागदावर लिहिल्या गेल्या असतील!

वहीची ही गोड बाजू झाली. तिची कडू बाजूही याच पुणे जिल्ह्याने पाहिली आहे.

एकोणिसाव्या शतकात गावचा वाणी बहुधा सावकारही होता. मीठ-तेल त्याच्याकडे, बी-बियाणे त्याच्याकडे, शेतसारा भरण्यासाठी रोकडही त्याच्याकडे. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हते. वाण्याने लिहिले ते खरे. शेतकऱ्याने अंगठा उठवायचा किंवा नांगराची निशाणी करायची. इंग्रजांच्या दिवाणी कोर्टांनी कागद पाहिला आणि हुकूमनामे दिले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढलेला भाव युद्ध संपताच कोसळला, सारा वाढला, कर्ज फुगले. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमाव दुकानांवर चालून गेला. दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. लोकांनी ठिकठिकाणी काय मागितले? धान्य नव्हे, सोने नव्हे, तर कागद. कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. जिथे कागद मुकाट्याने हवाली झाले तिथे मारहाण फारशी झाली नाही.

या घटनेकडे आपण शिक्षणाच्या दृष्टीने पाहावे असे आम्हाला वाटते. लोकांनी वही जाळली, कारण ती त्यांना वाचता येत नव्हती. वाचता आली असती तर त्यांनी ती तपासून पाहिली असती. त्या दंगलीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. शेतकऱ्याला पावती, वर्षाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. म्हणजे वहीची दुसरी प्रत देणेकऱ्याच्या हाती असावी, हे तत्त्व सरकारने मान्य केले. पण पासबुक हाती आले तरी ते वाचायला शाळा लागते, आणि शाळेची वाट तेव्हा दूर होती. जोतिराव फुले यांनी शेतकऱ्यांच्या दैन्याचे मूळ अविद्येत शोधले ते याच काळात, याच मुलखात.

आम्हा मुसलमानांना तर हे तत्त्व नवीन वाटण्याचे कारण नाही. कुरआन शरीफमधील सर्वात लांब आयत कोणती, असे विचारले तर अनेकांना नमाज-रोजाची एखादी आयत आठवते. प्रत्यक्षात ती सूरह बकराची २८२ वी आयत आहे, आणि तिचा विषय उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे हा आहे. मुदतीचा व्यवहार लिहावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, साक्षीदार ठेवावेत, अशा सूचना तिच्यात आहेत. त्यातली एक सूचना आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे त्याने. देणेकरी दुबळा असेल, सांगू शकत नसेल, तर त्याच्या पालकाने सांगायचे. म्हणजे लिहिणारा एक आणि सांगणारा दुसरा, तोही ज्याला पैसे फेडायचे आहेत तो. १८७५ च्या पुणे जिल्ह्यात याच्या नेमके उलट घडत होते. तिच्या आधीच्या २८० व्या आयतीत देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि माफ केले तर अधिक चांगले, असा उपदेश आहे. आणि मापात मारणाऱ्यांसाठी तर एक स्वतंत्र सूरहच आहे, मुतफ्फिफीन. इमाम अबू हनीफा हे कूफ्याचे कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एक सदोष कापड त्याचा दोष न सांगता विकले तेव्हा त्या विक्रीची सर्व रक्कम त्यांनी दान करून टाकली, असे परंपरा सांगते.

आता ज्या घराण्याचे दुकान खरोखर पिढ्यान् पिढ्या वाढले त्याचे एक उदाहरण पाहू. त्यासाठी घाट उतरून मुंबईला जावे लागेल. जुन्नर-आंबेगावची माणसे तरी कुठे गावात राहिली? मुंबईच्या डबेवाल्यांत जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळचीच मंडळी अधिक. तसाच कोकणातला माणूस मुंबईला आला. विश्वनाथ परशुराम बेडेकर हे कोकणातून आलेले गृहस्थ. त्यांनी १९१० साली गिरगावात किराणा मालाचे छोटे दुकान काढले. १९१७ पासून या दुकानाने स्वतःचे मसाले आणि लोणची विकण्यास सुरुवात केली. पुढची पिढी धंद्यात आली. १९४३ साली ‘व्ही. पी. बेडेकर अँड सन्स’ ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. शंभर वर्षे उलटून गेली, चौथी पिढी कारभारात आली आणि बेडेकरांचे लोणचे महाराष्ट्राबाहेर, परदेशातल्या मराठी घरांतही पोहोचले.

गिरगावात त्या काळी किराणा दुकाने पुष्कळ असतील. मग याच दुकानाचा असा विस्तार का झाला? आम्हाला यात दोन पायऱ्या दिसतात. पहिली पायरी म्हणजे गिऱ्हाईक काय विकत घेत नाही, तर घरी करते, याकडे लक्ष जाणे. मिरच्या, धने, हळद, मोहरी, हिंग हा माल दुकानदार सुटा विकतोच. तो घरी नेऊन बाई निवडते, वाळवते, भाजते, कांडते. चाळीच्या खोलीत हे सगळे करायला ना अंगण ना सवड. तेव्हा दुकानदाराने आपलाच माल एक पाऊल पुढे नेला. पुण्यात हुकमीचंद चोरडिया यांनी १९६२ साली सुरू केलेल्या प्रवीण मसालेवाल्यांनाही हीच वाट सापडली. जे ज्ञान पिढ्यान् पिढ्या घरच्या बायकांच्या हातात होते ते बाजारात आले. या ज्ञानाचा मोबदला त्या बायकांना कितपत मिळाला, हा प्रश्न मात्र मसाल्याच्या साऱ्या उद्योगालाच विचारायला हवा.

दुसरी पायरी आमच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. सुटा माल विकणाऱ्याचे लिखाण वहीत असते आणि वही दुकानात असते. बरणीवर चिठ्ठी लावणाऱ्याचे लिखाण गिऱ्हाइकाच्या घरात जाते. त्यावर नाव असते, वजन असते. माल खराब निघाला तर कोणाचे नाव घ्यायचे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते. ‘अँड सन्स’ हे शब्द म्हणजे बापाने मुलांच्या नावे दिलेली हमीच. नाव वारशाने मिळते, तसा त्या नावाचा बोजाही मिळतो. दुकान वाढले, कारण त्याचे लिखाण दोघांनाही वाचता येईल असे झाले.

प्रत्येक दुकान बेडेकर होत नाही आणि होण्याची गरजही नाही. डिंगोरे, ओतूर, मढ या रस्त्यावरच्या गावांत ज्या प्रकारची दुकाने आढळतात त्यांची वाढ वेगळ्या मापाने मोजली पाहिजे. अशा दुकानाचा तीन पिढ्यांचा प्रवास साधारण असा असतो. पहिली पिढी बाजाराच्या दिवशी गोणपाट अंथरून बसते. मीठ, मिरची, गूळ, काड्यापेटी, चहाची भुकटी. शेर, अधशेर, पावशेर, छटाक ही वजने, आणि धान्यासाठी पायली, अधोली, मापटे, चिपटे. गिऱ्हाईक पैशाऐवजी भात किंवा नाचणी आणते. डोंगरकपारीचे महादेव कोळी आणि ठाकर बांधव हिरडा आणतात. आदिवासींच्या या मालाला भाव कोण ठरवणार, हा प्रश्न इतका बिकट होता की पुढे १९७२ साली राज्याला आदिवासी विकास महामंडळ स्थापन करावे लागले.

दुसऱ्या पिढीच्या वेळी दुकानाला भिंत आणि फळ्या येतात. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. जुना भाव नव्या मापात बसवताना किती जणांची फसगत झाली असेल आणि किती दुकानदारांनी फसवण्याची संधी सोडून दिली असेल, याची नोंद कुठेच नाही. पण गावाच्या आठवणीत ती असते. मग १९७२ चा दुष्काळ आला. लाल मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले, रस्त्याच्या आणि तलावाच्या कामावर खडी फोडली. त्या वर्षी ज्याने वही मिटली नाही त्याचे दुकान नंतर टिकले, असे जुनी माणसे सांगतात. पुढे कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, पिंपळगाव जोग्याचे पाणी अडले. कांदा आणि टोमॅटो आले. नारायणगाव, ओतूर, आळेफाटा येथे मोठे बाजार भरू लागले. उधारीचे चक्र आता कांद्याच्या पट्टीशी जोडले गेले. भाव आला तर वहीतली पाने एका दिवसात छेदली जातात. भाव पडला तर दुकानदाराचाही घाऊक व्यापारी थकतो. शेतकऱ्याच्या तोट्यात वाणी असा भागीदार असतो.

तिसऱ्या पिढीच्या हाती पुड्या आल्या. रुपया-दोन रुपयांची शाम्पूची पुडी, बिस्किटाचा पुडा, पिशवीतले तेल. वजन आणि किंमत छापील. तागडी कोपऱ्यात गेली. जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. आठ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर काही आठवडे गावोगावचे व्यवहार पुन्हा वहीवर आले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा घाट बंद, आठवडे बाजार बंद, मुंबईची माणसे पायी गावाकडे येऊ लागली. अत्यावश्यक सेवा म्हणून किराणा दुकान तेवढे उघडे होते. आलेल्या माणसाच्या खिशात पैसे नव्हते. शहरातले मोठे मॉल त्याला ओळखत नव्हते. बापाच्या नावावर लेकाला उधार देणारा गावचा दुकानदार ओळखत होता. तीन पिढ्यांच्या ओळखीची किंमत अशा वेळी कळते.

आता आपल्या समाजाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. महाराष्ट्रातील खेड्यांत मुसलमानांचे धंदे ठरून गेले होते. बागवान फळे-भाजी, तांबोळी पान, अत्तार सुगंध, मणियार बांगड्या, पिंजारी कापूस, कागदी कागद. किराणा दुकान बहुतेक ठिकाणी वाणी, मारवाडी, गुजराती किंवा लिंगायत समाजाकडे. हाताच्या कसबाचे धंदे यंत्राने गिळले तेव्हा आपल्यातल्या काही घरांनी किराण्याची वाट धरली. त्यातली काही दुकाने टिकली, बरीच दुसऱ्या पिढीत फुटली. का फुटली? भांडवल कमी होते हे खरे. बँकेने दारात उभे केले नाही हेही पुष्कळदा खरे. पण आणखी एक कारण आपल्याच घरात आहे. आपण गिऱ्हाइकाची वही लिहितो, घरची लिहीत नाही.

बाप असताना तीन भाऊ गल्ल्यावर बसतात. कोणाचा किती हिस्सा, कोणी किती उचलले, हे लिहिणे म्हणजे भावाभावांत अविश्वास, असे मानले जाते. बाप जातो आणि मग तोंडी हिशेब सुरू होतात. बहिणीचे तर नावच निघत नाही. शरीयतने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, भावाच्या निम्मा का होईना, पण ठरलेला. १९३७ च्या कायद्याने तो देशाच्या कायद्यातही मान्य आहे. तरी ‘दुकान तोडायचे का?’ असा प्रश्न टाकून तिला गप्प बसवले जाते. आमच्या हिंदू बांधवांच्या घरांतही चित्र फार निराळे नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला, तरी हक्कसोडपत्रावर सह्या चालूच आहेत. दुकान न तोडता हिस्सा देता येतो. मालाची आणि जागेची किंमत करावी, बहिणीचा हिस्सा वहीत भांडवल म्हणून जमा करावा, तिला दरवर्षी नफ्याचा वाटा द्यावा. यात दुकान फुटत नाही, उलट एक भागीदार वाढतो. हजरत खदीजा (र.) यांचा व्यापार ज्या समाजाच्या मुलांना शिकवला जातो, त्याने बाईला भागीदार करण्यात संकोच मानू नये.

दुसरी गोष्ट बाहेरची आहे. २०२२ च्या अखेरीपासून महाराष्ट्रात निघालेल्या काही मोर्च्यांतून मुसलमानांकडून खरेदी करू नका, अशी उघड आवाहने झाली. अशा आवाहनाने मोठ्या कंपनीचे काही बिघडत नाही, बिघडते ते गावातल्या छोट्या दुकानाचे. करड्याच्या लोकांनी १८७४ मध्ये बहिष्कार घातला तो वहीतल्या अन्यायासाठी होता. तेव्हाही राग मुख्यतः बाहेरून आलेल्या मारवाडी-गुजरांवर निघाला, हे विसरता येत नाही. पण निदान त्याच्या मुळाशी एक कर्म होते. आजच्या आवाहनात वही तपासायची नाही, फक्त नाव वाचायचे आहे. याला उत्तर म्हणून आपणही आपल्याच माणसाकडून घ्या असे म्हणू लागलो तर निकितीनच्या घोड्याची अर्धीच गोष्ट आपण लक्षात ठेवली असे होईल. आपले उत्तर एकच असू शकते: चोख माप, उघडी वही आणि जात-धर्म न पाहता दिलेली उधारी. गावातले बहुसंख्य लोक अजून माप पाहूनच दुकान निवडतात, हा आमचा अनुभव आहे.

आता वहीच बदलते आहे. २०१६ पासून मोबाइलवरून पैसे देणे सुरू झाले. उधारीची नोंदही मोबाइलवर होऊ लागली. दुकानदाराने रक्कम टिपली की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर संदेश जातो. १८७९ च्या कायद्याने देऊ केलेले पासबुक आज असे खिशात आले आहे. पुष्कळ घरांत ही नोंद करते ती शाळा-कॉलेजात शिकणारी मुलगी, कारण बापाला बोटे चालवता येत नाहीत. लिहिणारी ती आहे, आणि उद्या हिस्सा मागायचा तर हिशेब तिला पाठ आहे. मात्र संदेश वाचता न येणारे गिऱ्हाईक अजून आहे. डोंगरातली म्हातारी मोबाइल पुढे करून ‘काय लिहिलंय, बघ बरं’ असे विचारते. तिला नीट वाचून दाखवणे हे देखील दुकानदारीचेच काम आहे.

धान्यिक श्रेणीने आपले दान दगडावर लिहिले, ते आजही वाचता येते. सुप्याच्या सावकारांनी कागदावर लिहिले, ते जळाले. दगड टिकाऊ आणि कागद नाशवंत, एवढाच याचा अर्थ नाही. एक लेख सर्वांसमोर होता आणि दुसरा एकट्याच्या पेटीत. आमच्या मुलांपैकी जी पुढे दुकानात बसतील त्यांना आम्ही नफा-तोट्याच्या गणिताबरोबर एवढे जरूर सांगतो की, उधार लिहिताना आकडा मोठ्याने उच्चारा, गिऱ्हाइकाकडून वदवून घ्या, मगच लिहा. बरकत त्यात आहे.